हँडल बदलताना मनगटाला विचारा

मोटारसायकल आडवी पडली की पहिल्यांदा जमिनीला टेकणाऱ्या भागांत हँडलचे टोक असतेच. त्यामुळे अपघातानंतरच्या दुरुस्तीत हँडल, मुठी आणि क्लच-ब्रेकचे लिव्हर हमखास येतात. हा विषय गॅरेजचा, आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. हाडांचा डॉक्टर म्हणून मला मात्र तो दवाखान्यात वारंवार भेटतो.

मध्यंतरी एक दूधवाले गृहस्थ आले. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट बधिर. गाडी घसरून तीन महिने झाले होते. एक्स-रेमध्ये काही नव्हते. मी बाहेर जाऊन त्यांची गाडी पाहिली. वाकलेले हँडल गॅसवर तापवून सरळ केलेले, तरी उजवी बाजू दोन बोटे खालीच राहिलेली. मुठीचे रबर दगडासारखे कडक. रोज पहाटे दुधाचे कॅन लादून ते तळहाताच्या करंगळीकडील उंचवट्यावर भार देत गाडी चालवत होते. त्या दोन बोटांची नस नेमकी तिथूनच जाते. हँडल व मुठी बदलल्यावर बधिरपणा हळूहळू ओसरला. अशी नस महिनोन् महिने दाबली गेली तर पंजाचे लहान स्नायू सुकू लागतात आणि पकड सैल होते. ऐन वेळी ब्रेक पुरेसा दाबला जात नाही, म्हणजे दुसऱ्या अपघाताची तयारीच.

वाकलेले हँडल सरळ करून वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वाकून पुन्हा सरळ झालेली नळी त्या जागी कमजोर होते, तापवल्याने आणखी. ती पुढे कधी मोडेल याचा नेम नाही. ‘चालतंय की’ म्हणणारा मेकॅनिक त्या वेळी मागे बसलेला नसतो!

नवे हँडल शक्यतो त्याच मॉडेलचे घ्यावे. दुकानात जुने सोबत न्यावे आणि रुंदी व उंची ताडून पाहावी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत मुठीच्या जागी नळीची जाडी २२ मिलिमीटर असते, म्हणून दुसऱ्या गाडीचे हँडलही बसते. पण बसले म्हणजे जमले असे नाही. फार खाली असलेल्या हँडलने शरीराचा भार मनगटावर येतो आणि समोर पाहण्यासाठी मान मागे मोडावी लागते. फार उंच घेतले तर खांदे भरून येतात, शिवाय केबली ताणल्या जातात. गाडीवर नेहमीसारखे बसून पाहावे: खांदे सैल, कोपर किंचित वाकलेले, मनगट सरळ. लिव्हरवर बोटे ठेवली की हाताची रेघ कोपरापासून बोटांपर्यंत सरळ यावी. लिव्हरचा नट ढिला करून हा कोन जुळवता येतो. तेवढे मेकॅनिककडून आवर्जून करून घ्यावे. नवे हँडल बसवूनही तिरके दिसले तर पुढचा चिमटा तपासून घ्यावा.

मुठींच्या बाबतीत लोक फारच बेफिकीर असतात. मूठ फार जाड असेल तर बोटे पुरती मिटत नाहीत. फार बारीक असेल तर ती घट्ट आवळावी लागते आणि हात लवकर थकतो. अंगठा आणि मधले बोट एकमेकांजवळ येतील इतकी जाडी बरी. रबर मऊसर, पण लिबलिबीत नको. उजवी मूठ ॲक्सिलरेटरच्या प्लॅस्टिक नळीवर चढते, त्यामुळे तिचे भोक मोठे असते. ती डावीकडे चढवली तर गरगर फिरते. बसवताना तेल किंवा ग्रीस मुळीच लावू नये. वर चढवलेले स्पंजचे कव्हर पावसात भिजते आणि हातात फिरते, म्हणून मला ते पसंत नाही.

मुठीचे टोक फाटून आतली लोखंडी नळी उघडी पडली असेल तर एक दिवसही थांबू नये. पडताना ती पोटात घुसल्यासारखी लागते. वरून फक्त गोल निळसर वण दिसतो आणि आत यकृत, प्लीहा किंवा आतडे फाटलेले असू शकते. टाकीवर बसवलेल्या लहान मुलाला हा धोका अधिक; मुळात त्याला तिथे बसवूच नये. हँडल पोटाला लागल्यावर पोटदुखी, उलटी किंवा चक्कर आली तर घरी शेकत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

गाडी ताब्यात घेताना इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. इंजिनची रेस आपोआप वाढली तर केबल ताणली जात आहे. ॲक्सिलरेटर सोडताच मूठ झटकन मागे आली पाहिजे. वळवताना बोटे टाकीत अडकता कामा नयेत.

आणि पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर पहिला एक्स-रे निर्दोष आला म्हणून निर्धास्त राहू नका. तिथल्या छोट्या हाडाची चीर कधी कधी दहा-चौदा दिवसांनीच दिसते. तोवर मनगट आधारात ठेवावे, डॉक्टरांना पुन्हा दाखवावे आणि गाडी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्यावी.