चार माणसांसमोरचा हिशेब

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरीच्या बाजारपेठेत दुकानदार गिऱ्हाइकाला एक प्रश्न हमखास विचारतो, "काय पाटील, कारखान्याचं पेमेंट झालं का?" कापडवाला विचारतो, खताचा दुकानदार विचारतो, सराफही विचारतो. गेल्या हंगामाच्या उसाचा राहिलेला हप्ता दिवाळीला पडला, की वर्षभराच्या उधाऱ्या वहीतून खोडल्या जातात आणि लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी वही मांडतो. दुसरीकडे कारखान्याच्या सवलतीच्या साखरेसाठी सभासद कार्ड आणि पिशव्या घेऊन रांगेत उभे राहतात. करंज्या-लाडवांत पडणारी साखर आपल्याच शेतातून गव्हाणीत गेली होती, याचा तोरा त्या रांगेत दिसतो.

नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांचा बागायती पट्टा, दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेरचा अवर्षणाचा मुलूख. इथल्या माणसांच्या एकीचं कौतुक पुष्कळ झालं आहे. पण दीडशे वर्षांचा व्यवहार तपासला तर दिसतं ते असं, की जिथे हिशेब चार माणसांसमोर मांडला गेला तिथे एकी टिकली. वही झाकली गेली तिथे गावकीही कामाला आली नाही.

जळालेले कागद

सुरुवात करावी लागते १८७५ पासून. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि वणवा नगर जिल्ह्यात पसरला. श्रीगोंदे, पारनेर, नगर, कर्जत तालुक्यांतल्या गावांत तेच घडलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. सारा मात्र फेरआकारणीत वाढला. शेतकरी कर्जात रुतला.

इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदल्या गेलेल्या या उठावात माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार फार थोडे झाले. जमावाला हवे होते ते कागद. सावकाराच्या घरातून कर्जरोखे बाहेर काढायचे आणि चौकात पेटवायचे. कागद निमूट दिला तर सावकाराला बहुधा हात लागत नसे. अंगठा उठवणाऱ्याला आपण कशावर अंगठा उठवला हे कळत नव्हतं, फेडलेल्या पैशाची पावती मिळत नव्हती, व्याज मुद्दलात कधी मिसळलं याचा पत्ता नव्हता. राग कर्जापेक्षा या आंधळ्या हिशेबावर जास्त होता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्यातल्या काही तरतुदी आजही वाचण्यासारख्या आहेत. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा, पैसे भरल्याची लेखी पावती मिळावी, वर्षाकाठी हिशेबाचा उतारा मिळावा, मागितल्यास पासबुक मिळावं. सावकारी काही या कायद्याने संपली नाही. कर्ज मिळणं उलट अवघड झालं, अशी तक्रारही पुढे झाली. पण हिशेब पाहणं हा ऋणकोचा हक्क आहे, ही गोष्ट कागदावर आली.

लोणीचा प्रयोग

१९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. लोणी बुद्रुकच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ च्या सुमारास गावात सहकारी पतपेढी उभी केली. शिक्षण जेमतेम प्राथमिक, पण गावातल्या प्रत्येक घराची ऐपत आणि नियत दोन्ही ठाऊक असलेला हा माणूस. पतपेढीला तारण लागतं ते नेमकं हेच.

तोवर भूगोल बदलला होता. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं आणि प्रवरेचे कालवे वाहू लागले. पाण्यामागून साखर कंपन्या आल्या: हरिगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरची महाराष्ट्र शुगर, साकरवाडी-लक्ष्मीवाडीची गोदावरी शुगर. दौंड-मनमाड लोहमार्गावरच्या बेलापूर रोड स्टेशनाभोवती पेठ वाढली. तेच आजचं श्रीरामपूर. पाणी आलं, ऊस आला, पण मालकी कंपनीची. शेतकऱ्याने जमीन खंडाने द्यावी नाहीतर गुऱ्हाळ लावून गुळाच्या भावावर नशीब सोपवावं, असे दोनच रस्ते होते.

डिसेंबर १९४५ मध्ये बेलापूर रोडला बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. कारखाना शेतकऱ्यांनीच काढावा, हा विचार तिथे पक्का झाला. त्यानंतरची वर्षं विखे पाटील आणि त्यांचे सहकारी गावोगाव भाग गोळा करत हिंडले. ज्या रकमेत बैलजोडी आली असती ती रक्कम कागदाच्या तुकड्यासाठी द्यायची, तीही कारखान्याची चिमणी उभी राहिलेली नसताना. १९४८ च्या अखेरीस नोंदणी झाली. वैकुंठभाई मेहता तेव्हा मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात होते. सहकारातल्या या जुन्याजाणत्या माणसाचं पाठबळ मोलाचं ठरलं. १९५०-५१ च्या हंगामात रोजी ५०० टन गाळपाचा कारखाना सुरू झाला. पहिले अध्यक्ष गाडगीळ. गोखले अर्थशास्त्र संस्थेचा संचालक पुण्याहून येऊन लोणीच्या माळावर सभा चालवत असे. १९६१ मध्ये पंडित नेहरू प्रवरानगरला येऊन गेले.

सहकारी कारखान्याचे प्रयत्न आंध्रात त्याआधी झाले होते. प्रवरेचं वेगळेपण हे, की तिचा नमुना महाराष्ट्रभर उचलला गेला. एकट्या नगर जिल्ह्यात राहुरी, कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे, श्रीगोंदे, अकोले, पाथर्डी असे एकामागून एक कारखाने उभे राहिले.

या नमुन्याची कळ दोन गोष्टींत होती. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. आणि सोसायटीचं पीककर्ज, जिल्हा बँक व कारखाना यांची गाठ अशी मारलेली, की कर्जाची वसुली थेट उसाच्या बिलातून व्हावी. बिलातून आणखीही कपाती होत: परतीची ठेव, बिनपरतीची ठेव, शिक्षणासाठी टनामागे काही रक्कम. बिनपरतीच्या ठेवीवर शेतकरी आजही कुरकुरतो. पण प्रवरानगरची शाळा, लोणीचं रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय, सोनई-संगमनेर-कोपरगावची शिक्षणसंकुलं यांच्या पायात ही टनामागची कपात आहे. ज्याला आपण गावाची दानत म्हणतो, ती इथे पावतीवर छापून कापली गेली.

काटा आणि 'मंजूर'

कारखान्यावरची सर्वांत नाजूक जागा म्हणजे वजनकाटा. उसाने भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढतो, भरल्या गाडीचं वजन होतं. गव्हाणीत मोळ्या रिकाम्या झाल्या की पुन्हा रिकाम्या गाडीचं. वजाबाकी पावतीवर येते. ही पावती शेतकरी घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवतो. टनामागे वीस-पंचवीस किलोंचा घोळ झाला तरी पूर्ण हंगामात आकडा कुठे जातो हे त्याला तोंडपाठ असतं. म्हणूनच 'काटामारी' या आरोपाइतका दुसरा कोणताही आरोप अध्यक्षाला झोंबत नाही. ऊस नियंत्रण आदेशानुसार तोडणीनंतर १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यानंतर व्याज. हा नियम किती ठिकाणी पाळला जातो, हे हंगामातल्या आंदोलनांवरून समजतं.

दुसरी जागा वार्षिक सभा. सप्टेंबरअखेर मांडव पडतो. ताळेबंदाचं पुस्तक सभासदाच्या घरी आधीच आलेलं असतं, बहुतेक घरांत ते दूरदर्शन संचावर पडून राहतं. सभेत विषय वाचला जातो न जातो तोच पुढच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर'चा गजर होतो. मागच्या रांगेतला एखादा चष्मेवाला म्हातारा ध्वनिवर्धक मागतो, पुस्तकातलं पान सांगून साखरेचा उतारा कमी का, व्याजाचा खर्च वाढला का, असं विचारतो. कार्यकर्ते हसतात, कोणी शर्ट ओढून त्याला खाली बसवतो. त्या म्हाताऱ्याला जिथे पूर्ण बोलू दिलं जातं, तो कारखाना सहसा बुडत नाही. जिल्ह्यातले काही कारखाने कर्जात बुडाले, काही विकले गेले, काहींचे हंगाम बंद राहिले. दुष्काळ, साखरेचे भाव, राजकारण ही कारणं खरीच. पण ताळेबंद न वाचता हात वर करणाऱ्या सभासदालाही त्यातून पूर्ण सुटका नाही.

रुमालाखालचा भाव

सगळंच उघड्यावर असावं लागतं असंही नाही, हे जनावरांच्या बाजारात कळतं. शुक्रवारी घोडेगाव, शनिवारी काष्टी, बुधवारी लोणी. घोडेगावला म्हशींची दाटी. काष्टीला संकरित गायींचा बाजार मोठा. गिऱ्हाईक गाईचा जबडा उघडून दात पाहतं, कितव्या वेताची विचारतं, कास दाबून बघतं. मग हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, पुढे येतो. रुमालाखाली दोघांचे हात जातात, बोटं दाबली जातात, माना हलतात. भाव तिसऱ्याला कळत नाही.

भाव झाकलेला, पण व्यवहार उघडा. सौदा ठरला की विसाराची नोट चारचौघांत हातावर ठेवली जाते आणि तिथून माघार नाही. गाय दूध कमी द्यायला लागली, लाथाडायला लागली, की पुढच्या बाजारी माणूस त्याच दावणीपाशी येऊन उभा राहतो. दर आठवड्याला त्याच जागी तोंड दाखवावं लागणं, हीच तिथली हमी. दुसरी हमी बाजार समितीची पावती.

घरोघरी दुधाने आठवड्याला, दहा दिवसांना पैसा आणला. उसाचा पैसा पुरुषाच्या नावे, वर्षातून दोन-तीनदा. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी, आणि पुष्कळ घरांत तो बाईच्या हातून खर्च होतो. संगमनेरात भाऊसाहेब थोरातांनी कारखान्याच्या जोडीला दूध संघ वाढवला. संकलन केंद्रावर फॅट आणि डिग्रीचा आकडा यंत्रावर सर्वांसमोर उमटतो. त्यावरून रोज सकाळी होणारी हुज्जत ही त्या व्यवसायाची लेखातपासणीच आहे.

पाण्याची जमाखर्चाची वही

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने उघड्या हिशेबाचा हाच धडा पाण्याला लावला. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले तेव्हा गाव दुष्काळाने आणि दारूने पोखरलेलं होतं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान आणि पाणलोटाची कामं यांची ख्याती सर्वदूर आहे. पवारांना २०२० मध्ये पद्मश्रीही मिळाली. कमी बोललं जातं ते ग्रामसभेतल्या पाण्याच्या ताळेबंदाबद्दल. पाऊस किती पडला, पिण्याला व जनावरांना किती लागेल, शेतीला किती उरेल, हे गावासमोर मांडायचं आणि त्यावरून रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं. ऊस-केळीला मनाई, शेतीसाठी बोअरवेलला मनाई. शेजारच्याच्या विहिरीत किती पाणी आहे हे सर्वांना माहीत असलं की चोरून उपसा करायला तोंड राहत नाही. ज्या जिल्ह्याने उसावर सहकार उभा केला, त्याच जिल्ह्यातलं एक गाव ऊस नाकारून सावरलं.

वही मिटली तेव्हा

याच्या उलटचं उदाहरण जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. १९१० मध्ये स्थापन झालेली नगर अर्बन बँक ही शहरातल्या व्यापाऱ्यांची, छोट्या कारखानदारांची, निवृत्तांची बँक. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. कर्जवाटपातल्या गैरव्यवहारांवरून गुन्हे दाखल झाले होते. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण होतं. त्यावरची रक्कम ठेवलेल्यांना वसुलीकडे डोळे लावून बसावं लागलं. शतक पार केलेल्या संस्थेवर कोणी शंका घेत नाही, आणि शंका न घेतली जाणं हेच तिच्या मुळावर येतं. संचालक ओळखीचा आहे, पाहुण्यातला आहे, एवढ्यावर ठेव ठेवणाऱ्याने ओळखीला हिशेबाच्या जागी बसवलं होतं.

सभासद नसलेले

आता या सगळ्या कथेतली उणी बाजू. दिवाळी झाली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून आणि शेजारच्या बीडमधून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बाहेर पडतात. काही बैलांच्या टायरगाडीवर, काही डोकी सेंटरला, म्हणजे मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक भरायला. नवरा-बायको मिळून एक कोयता. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती अंगावर फेडायची असते. तोड किती टन झाली, दर काय लागला, खाडे किती धरले, दवाखान्याला दिलेले पैसे उचलीत कसे मिसळले, हे मुकादमाच्या वहीत असतं. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षीचा कोयता आधीच बांधला जातो.

ऊस ज्याचा त्याला भाग आहे, मत आहे, सवलतीची साखर आहे. ऊस तोडणाऱ्याला यातलं काही नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याची व्यवस्था झाली, ती गरजेचीच. पण कल्याणाआधी हिशेबाचा प्रश्न आहे. कारखान्याकडे प्रत्येक गाडीचं वजन संगणकात असतं. कोणत्या टोळीने ती भरली हेही त्याला ठाऊक असतं. तर मग उचल, टनेज आणि कपात यांची छापील पावती दर पंधरवड्याला प्रत्येक कोयत्याच्या हातात का देऊ नये? त्याला ना नवं यंत्र लागतं, ना मोठा निधी. १८७९ च्या कायद्याने कर्जबाजारी शेतकऱ्याला जे देऊ केलं, तेवढंच मागणं आहे.

नगरच्या सहकाराने शेतकऱ्याला सावकाराच्या वहीतून सोडवलं, ही या जिल्ह्याची खरी कमाई. त्याच कारखान्यांच्या उसावर दुसऱ्या कोणाची तरी तशीच वही चालत असेल, तर ती उघडण्याची जबाबदारी सभासदाचीच आहे. पुढच्या सप्टेंबरात 'मंजूर' म्हणण्याआधी निदान एका सभासदाने हा विषय पटलावर ठेवावा.