मोटारीवरचे पांढरे डाग

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने धुतलेली मोटार उन्हात तशीच वाळू दिली, की तिच्या काळ्या-निळ्या रंगावर पांढरी वर्तुळे उमटतात. पुन्हा पाणी मारले तरी ती जात नाहीत. मग कोरडे फडके घेऊन खसाखसा घासणे सुरू होते, आणि खरे नुकसान तेथेच होते.

हे डाग म्हणजे मळ नव्हे. दुष्फेन पाण्यात बहुधा कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. थेंब आटताना त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे पाण्याने आणलेले पाण्यालाच परत नेता येत नाही!

हे द्रव्य असते तरी किती? एका लिटरमध्ये ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट होईल इतके क्षार आहेत असे धरा. एका मिलिलिटरचे साधारण २० थेंब होतात. तेव्हा एका थेंबातून उरते अवघे ०.०१५ मिलिग्रॅम. तरीही ते डोळ्यांत भरते, कारण ते सारखे पसरत नाही. थेंबाची कड रंगाला चिकटून राहते व तेथले पाणी लवकर आटते. ती तूट भरण्यासाठी आतले पाणी कडेकडे वाहते आणि आपल्याबरोबर द्रव्यही नेते. कॉफीच्या डागाची कड गडद का, याचा असाच उलगडा शिकागोच्या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये केला.

डाग घासू नये, विरघळवावा. व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी घालून त्यात मऊ फडके भिजवा आणि सावलीत, पत्रा थंड असताना, ते डागावर दोन-तीन मिनिटे ठेवा. ॲसेटिक आम्लामुळे विद्राव्य कॅल्शियम ॲसिटेट बनते. मग भरपूर पाण्याने धुऊन लगेच टिपून घ्या. नाहीतर नवे डाग तयार!

एका डागावर बुडबुडे मात्र शोधू नका. निघणारा वायू इतका थोडा असतो, की तो आम्लाच्या थेंबातच विरघळतो. बुडबुडे पाहायचे तर पाणी तापवण्याच्या भांड्यातला पांढरा खवला घ्या.

काही डाग व्हिनेगरलाही दाद देत नाहीत. त्यांत सिलिका असू शकते. तिच्यावर या आम्लाचा परिणाम होत नाही. तेथे पॉलिशने झिजवणे आले, आणि रंगावरचा पारदर्शक थर तर केसापेक्षाही पातळ असतो.