थट्टेआड राहिलेला हिशेब

सत्तेवरून उतरलेला पुढारी पुढे पोटापाण्यासाठी काय करील, या प्रश्नाने लोकशाहीत जेवढी करमणूक होते, तेवढा विचार मात्र होत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या कारकिर्दीची अखेर हे याचे बोलके उदाहरण होय. व्हाइट हाउसमधील एका तरुणीशी असलेल्या संबंधांबाबत शपथेवर असत्य बोलल्याच्या व न्यायदानात अडथळा आणल्याच्या आरोपांवरून प्रतिनिधीगृहाने १९ डिसेंबर १९९८ रोजी त्यांच्यावर महाभियोग ठेवला. १२ फेब्रुवारी १९९९ रोजी सेनेटने त्यांना दोषमुक्त केले. मग उभयपक्षी विनोदाला ऊत आला. विरोधक त्यांना हॉलिवूडची वाट दाखवीत. पाठीराखे निक्सन यांचे नाव काढून परतफेड करीत. खुद्द क्लिंटन यांनीही एप्रिल २००० मध्ये पत्रकारांच्या मेजवानीत एक लघुपट दाखवून स्वतःची थट्टा केली. सेनेटच्या निवडणुकीला उभ्या असलेल्या पत्नीच्या मागे तिचा जेवणाचा डबा घेऊन धावणारा रिकामटेकडा अध्यक्ष त्यात होता. सभागृह खळखळून हसले.

या हास्यकल्लोळात हिशेब मात्र बाजूला पडला. माजी अध्यक्षांना निवृत्तिवेतन, कार्यालय व कर्मचारी सरकारी खर्चाने देणारा कायदा अमेरिकेत १९५८ मध्ये झाला. महाभियोगात दोषी ठरून पदच्युत झालेल्याला हा लाभ मिळत नाही. राजीनामा देणाऱ्याला मिळतो. रिचर्ड निक्सन यांनी ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा दिला आणि त्यांचे निवृत्तिवेतन शाबूत राहिले. एवढेच नव्हे, तर १९७७ मध्ये डेव्हिड फ्रॉस्ट यांना दूरचित्रवाणीसाठी दिलेल्या मुलाखतींबद्दल त्यांना सहा लाख डॉलर मिळाले. बदनामीलाही बाजारभाव असतो, तो असा.

क्लिंटन यांच्या बाबतीत हा भाव कैक पटींनी वाढला. अध्यक्ष असताना त्यांचे वार्षिक वेतन दोन लाख डॉलर होते. पद सोडताना ते वकिलांच्या देण्यात बुडालेले होते; पण २००१ ते २०१२ या काळात केवळ भाषणांतून त्यांनी दहा कोटी डॉलरहून अधिक मिळविले. ही किंमत निव्वळ वक्तृत्वाची म्हणता येईल काय? श्रोता पैसे मोजतो तो मुख्यतः पदाच्या वलयासाठी, आणि ते पद जनतेने दिलेले असते. भांडवल सार्वजनिक आणि नफा खासगी, असा हा व्यवहार आहे. उद्या आपल्याला मानधन कोण देणार, याची जाणीव आजच्या निर्णयावर सावली टाकणार नाही, याची हमी कोणी द्यावी?

चारित्र्यावरील हजारो विनोदांनी यातले काहीच बदलले नाही. पैशाच्या एका प्रश्नाने मात्र बदल घडविला. २००१ मध्ये क्लिंटन यांनी मॅनहॅटनच्या एका महागड्या मनोऱ्यात कार्यालय घेण्याचे योजिले, तेव्हा करदात्यांवर पडणाऱ्या वार्षिक भाड्याचा आकडा वृत्तपत्रांत आला. ओरड झाली, आणि कार्यालय हार्लेममध्ये १२५व्या रस्त्यावर गेले. जे काम उपहासाने झाले नाही, ते एका आकड्याने केले.

तथापि हे यश एकट्या कार्यालयापुरतेच राहिले. माजी अध्यक्षांच्या खासगी मिळकतीच्या प्रमाणात त्यांचे सरकारी भत्ते कमी करण्याचे विधेयक २०१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने संमत केले. पण सहा महिन्यांत स्वतः माजी होणाऱ्या बराक ओबामा यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. कर्मचाऱ्यांची व सुरक्षेची अडचण होईल, हे त्यांनी दिलेले कारण अगदीच निराधार नव्हते. परंतु मूळचा प्रश्न त्याने सुटला नाही.

पुढाऱ्याला हसण्याचा नागरिकाचा हक्क अबाधित राहावा. परंतु दोन्ही पक्ष एकमेकांच्या माणसाला हसण्यात दंग असतात, तेव्हा पदाच्या पुण्याईवर जमणाऱ्या संपत्तीचा हिशेब मागायला कोणीच उरत नाही. थट्टा चार दिवसांत शिळी होते. हिशेबाची वही मात्र उघडीच राहते.