उडण्यापूर्वींचें काम

मुळशी तालुक्यांतील रिहे हें गांव डोंगरांच्या कुशींत वसलेलें आहे. तेथील भातखाचराच्या बांधावर उभा राहून एखादा पंधरा वर्षांचा मुलगा डोक्यावरून जाणाऱ्या विमानाकडे टक लावून पाहत असेल, तर त्याच्या मनांत काय चाललें आहे हें सांगावयास ज्योतिषी नको. ‘मला वैमानिक व्हावयाचें आहे,’ असें तो संध्याकाळीं घरीं सांगतो. वडील क्षणभर गप्प बसतात. कारण त्यांच्या डोळ्यांपुढें विमान नसतें, जमिनीचा तुकडा असतो. धंदेवाईक वैमानिकाच्या शिक्षणाला आज कित्येक लाख रुपये लागतात, आणि हिंजवडी जवळ असल्यामुळें या भागांतल्या जमिनीला गिऱ्हाईक मिळावयास वेळ लागत नाहीं. पण एकदां गेलेली जमीन परत येत नाहीं. तेव्हां प्रश्न असा कीं, मुलाला हें काम झेपेल कीं नाहीं, हें जमीन विकण्यापूर्वींच कळण्याचा कांहीं मार्ग आहे काय? मार्ग आहे, आणि तो फारसा महागही नाहीं. आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

विमानविद्येचा आरंभ कसा झाला, हें प्रथम आठवूं. अमेरिकेंतील राइट बंधु हे सायकलींचे दुकानदार. त्यांनीं १९०० पासून १९०२ पर्यंत किटी हॉकच्या वाळूच्या टेकड्यांवर बिनइंजिनाच्या विमानांतून, म्हणजे ग्लायडरमधून, शेंकडों वेळां उड्डाण केलें. वाऱ्याचा स्वभाव आणि पंखांचा तोल हातांत बसल्यावर मगच त्यांनीं इंजिन बसविलें. १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें पहिलें उड्डाण अवघे १२ सेकंद टिकलें व १२० फूट गेलें. इंजिन शेवटीं आलें, हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर इंजिनाच्या विमानांविषयीं कडक निर्बंध आले, तेव्हां तेथील विद्यार्थी १९२० पासून वासरकुपे या डोंगरावर ग्लायडर घेऊन जमूं लागले. एकानें आंत बसावें आणि बाकीच्यांनीं रबरी दोर ताणून त्याला हवेंत सोडावें, अशी ती रीत होती. एका मिनिटाच्या उड्डाणासाठीं दिवसभर दुसऱ्यांचे दोर ओढावे लागत. हेंच त्यांचें खरें शिक्षण होतें.

पुणेंकरांना ही विद्या अपरिचित नाहीं. हडपसर येथील सरकारी ग्लायडिंग केंद्रांत स्वातंत्र्योत्तर काळांतील अनेक तरुणांनीं आपलें पहिलें उड्डाण केलें. तेथें ग्लायडर वर चढविण्याची तऱ्हा अशी: मैदानाच्या एका टोंकाला विंच नांवाचें यंत्र असतें; त्याच्या रहाटावर लांब तार गुंडाळलेली असते. तारेचें दुसरें टोंक ग्लायडरला अडकवितात. एक जण पंखाचें टोंक समपातळींत धरून उभा राहतो, दुसरा विंचवाल्याला खूण देतो, तिसरा उड्डाणाची वेळ वहींत टिपतो. तार खेंचली जातांच पंख धरणारा चार पावलें बरोबर धांवतो व हात सोडतो. उंचीवर पोंचल्यावर तार सुटते आणि पुढें सारा कारभार वाऱ्याचा आणि वैमानिकाचा. पंख धरणाऱ्या मुलानें अजून एकही उड्डाण केलेलें नसतें. तरीही वारा कोठून येतो, आकाशांत दुसरें विमान आहे काय, तारेच्या वाटेंत कोणी उभें आहे काय, हें तपासण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. ज्याला अशा कामाचा आठ दिवसांत कंटाळा येतो, त्याला आपला कल घरचा पैसा न दवडतां कळून चुकतो. मात्र कोणत्याही केंद्रांत जाण्यापूर्वीं तेथें सध्यां शिक्षण चालू आहे कीं नाहीं, याची चौकशी अवश्य करावी.

जमिनीवरच्या ज्ञानाची किंमत सांगणारी एक गोष्ट आपल्याच देशांतील आहे. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्यानें उडून काटणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठीं आगाखानांनीं बक्षीस लावलें होतें. १९३० सालीं त्यासाठीं इंग्लंडहून अस्पी इंजिनिअर आणि कराचीहून जे. आर. डी. टाटा निघाले. अस्पींचें वय तेव्हां अवघें सतरा वर्षांचें. ईजिप्तमधील अबूकीर येथें दोघांची गांठ पडली, तेव्हां अस्पी स्पार्क प्लगवांचून अडकून पडले होते. टाटांनीं आपल्याजवळचा जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकला. बक्षीस अस्पींनीं जिंकलें; पुढें १९६० मध्यें ते भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. टाटांनीं १९३२ मध्यें कराचीहून मुंबईस टपाल आणून देशांतील हवाई वाहतुकीचा पाया घातला. या गोष्टींतलें औदार्य सर्वांना दिसतें. पण एवढ्याशा वस्तूवांचून सारें विमान जमिनीवर खिळून राहतें, हेंही तींतून शिकावें. म्हणून गांवांतल्या मोटारदुरुस्तीच्या दुकानांत सुट्टीचे दोन महिने घालविणें हें होतकरू वैमानिकाला कमीपणाचें नाहीं.

आतां कायदा पाहूं. परदेशांत कांहीं मुलें विमानें धुवून, हँगर झाडून शिकवणीचे तास मिळवितात. आपल्याकडे विमानतळाच्या आंतल्या भागांत परवान्यावांचून पाऊल टाकतां येत नाहीं, म्हणून तसें सहजासहजीं घडत नाहीं. परंतु शिकाऊ वैमानिकाचा परवाना सोळाव्या वर्षीं, खासगी वैमानिकाचा सतराव्या वर्षीं आणि धंदेवाईक परवाना अठराव्या वर्षीं मिळूं शकतो. या शेवटच्या परवान्यासाठीं २०० तासांचें उड्डाण लागतें. शिवाय पदार्थविज्ञान व गणित घेऊन बारावी होण्याची अट आजवर चालत आलेली आहे. तेव्हां दहावीनंतर विषय निवडतांनाच सावध असावें. बारामती, धुळें, गोंदिया येथें उड्डाणाचें शिक्षण मिळतें. पण तेथें पैसे भरण्यापूर्वीं वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, हें मी पुन्हां पुन्हां सांगेन. चष्मा असला म्हणून नागरी वैमानिक होतां येत नाहीं, ही समजूत खोटी आहे. उलट रंग ओळखण्यांतला दोष मुलाला स्वतःलाही ठाऊक नसतो, आणि तो मात्र वाट अडवितो. थोडक्या पैशांत होणारी ही तपासणी मागाहून केल्यामुळें पस्तावण्याची पाळी येऊं नये.

दुसरा उपाय राष्ट्रीय छात्रसेनेचा. तिच्या हवाई शाखेंत विमानांच्या प्रतिकृति बनविणें, उड्डाणाचीं मूलतत्त्वें आणि निवडक छात्रांना लहान विमानांतून प्रत्यक्ष उड्डाण, असा क्रम असतो. पुण्यांतील ज्या शाळा-महाविद्यालयांत ही शाखा आहे, तेथें प्रवेश मिळवावा. तिसरा उपाय तर रिह्यांत बसूनच करतां येईल. हवामान खात्याची मुख्य कचेरी १९२८ मध्यें सिमल्याहून पुण्यास आली. त्या इमारतीला पुणेंकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. मुलानें रोज सकाळीं वही उघडून वाऱ्याची दिशा, ढगांचा प्रकार, समोरच्या डोंगराचा माथा दिसतो कीं ढगांत बुडाला आहे, हें टिपावें. मग लोहगांव विमानतळाचें त्याच वेळचें हवामानवृत्त मिळवून ताडून पाहावें. वर्षभर ही वही भरली, तर पावसाळ्यांतला सह्याद्रि वैमानिकाला कां भिववितो, हें त्याला पुस्तकावांचून कळेल.

आणि ज्या घरीं पैसाच नाहीं, त्यांनीं खडकवासल्याकडे पाहावें. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षें वयाच्या उमेदवारांना घेतात व शिक्षणाचा भार सरकार उचलतें. त्या परीक्षेची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगर येथें १९७७ पासून आहे. वायुसेनेची वैमानिक-क्षमता चाचणी मात्र जन्मांत एकदांच देतां येते, हें विसरूं नये. मुलींनींही मागें राहूं नये: प्रबोधिनींतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्यें बाहेर पडली; आणि नागरी विमानांत तर सौदामिनी देशमुख यांनीं १९८५ मध्येंच केवळ स्त्रियांनीं चालविलेल्या विमानाचें कप्तानपद सांभाळलें होतें.

तेव्हां त्या बांधावरच्या मुलाच्या वडिलांना इतकेंच सांगावेसें वाटतें: ‘नाहीं’ म्हणूं नका आणि लगेच ‘हो’ही म्हणूं नका. आधीं डोळे तपासा, मग वही भरूं द्या, मग छात्रसेनेचें एक शिबिर, मग शिक्षकाबरोबर एखादें लहानसें उड्डाण. या चार पायऱ्यांना दोन वर्षें लागतील. त्या अखेरीस मुलाचा उत्साह टिकून राहिला, तर पैशाचा विचार करावयास बसा. आणि ओसरला, तरी शेत जागच्या जागीं आहे आणि मुलगाही चार गोष्टी शिकून शहाणा झाला आहे.