शिवणयंत्र आणि आमची घाई

ज्या घराचे पोट शिवणयंत्रावर चालते, त्या घरातले यंत्र मोठ्या माणसांच्या हातून सहसा बिघडत नाही. ते बिघडते चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या हातून. आमच्याकडे येणारे मिस्त्री तर पेटी उघडण्याआधीच विचारतात, "पोरांनी हात लावला होता का?" उत्तर बहुधा 'नाही' असे येते आणि ते बहुधा खरे नसते. या वयाच्या मुलांच्या हातून यंत्र नेमके का बिघडते, ते यंत्राच्या बाजूने आणि मुलांच्याही बाजूने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम यंत्राकडे पाहू. यंत्राचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबीनमधून. हातसुईचे नेढे मागच्या टोकाला असते, यंत्राच्या सुईचे मात्र अणीजवळ. एलियस हाऊ यांनी अमेरिकेत १८४६ साली जे पेटंट घेतले, त्यात ही युक्ती होती. पुढे १८५१ साली आयझॅक सिंगर यांनी आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. (यंत्रांच्या वेडाला विरोध करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राला मात्र अपवाद मानले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.) सुई तळाशी जाऊन वर येऊ लागली की तिच्याजवळचा दोरा क्षणभर सैल पडतो आणि त्याचा लहानसा फास होतो. त्याच क्षणी खालच्या शटलचे टोक त्या फासात शिरते आणि तो फास बॉबीनभोवती फिरवून आणते. खालचा दोरा असा वरच्या दोऱ्यात अडकतो आणि टाका बसतो. सुई आणि शटलचे टोक यांच्यात त्या वेळी केसाएवढेच अंतर असते. सुई कापडाबाहेर आली की पट्टीखालचे दाते कापड पुढे सरकवतात. थोडक्यात, कापड पुढे नेणे हे दात्यांचे काम आहे, आपल्या हाताचे नव्हे. हाताने फक्त दिशा द्यायची.

घाईत असलेला मुलगा नेमके हेच विसरतो. शिलाई हळू सरकते असे वाटून तो कापड मागून ओढतो. कापडात रुतलेली सुई त्या ओढीने वाकते. वाकलेली सुई पट्टीच्या भोकाच्या काठावर किंवा सरळ शटलवर आदळते. सुई मोडली तर नुकसान काही रुपयांचे. परंतु शटलच्या टोकाला खरवड पडली, तर ती डोळ्यांना दिसत नाही आणि नवी सुई घालून जातही नाही. दोरा तिच्यावर घासून पिंजतो, टाके सुटू लागतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. दहावीची परीक्षा संपल्यावर मला माझी जीन पँट खालून आखूड करायची होती. वडील गिऱ्हाइकाकडे कपडे पोचवायला गेले होते. यंत्राला १४ नंबरची सुई होती, शर्टाच्या कापडाची. जीनला १६ किंवा १८ नंबरची लागते, आणि बाजूच्या शिवणीवर कापडाच्या कितीतरी घड्या एकत्र येतात, तिथे पाय थांबवून चाक हाताने फिरवायचे असते. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. रोज समोर पाहत होतो. पण वडील यायच्या आत पँट पुरी व्हायला हवी होती. यंत्र त्या जाड जागी अडले, मी पायडलवर जोर दिला आणि पँटही ओढली. कट्ट असा आवाज झाला. मी मोडकी सुई खिडकीबाहेर टाकली, तशीच दुसरी घातली आणि गप्प बसलो.

दोन दिवस वडील दोऱ्याला दोष देत होते. रीळ बदलले, तेल घातले, ताण कमीजास्त करून पाहिला. शेवटी मिस्त्रींनी शटल काढून टोकावरून नख फिरवले आणि माझ्याकडे पाहिले. शटल बदलावे लागले, यंत्र चार दिवस बंद राहिले. जून तोंडावर होता, शाळेच्या गणवेशांची कापडे घरात पडून होती. त्यांतले एक गिऱ्हाईक कापड परत घेऊन गेले, ते पुन्हा आले नाही. मी त्याच दिवशी बोललो असतो तर निदान ते दोन दिवस वाचले असते.

दुसरा बिघाड याहून फसवा. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. गुंता खाली दिसतो म्हणून मुले खालीच हात घालतात आणि बॉबीन केसचा बारीक स्क्रू पिळतात. वस्तुतः अशा वेळी दोष बहुधा वर असतो. वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, त्यामुळे तो सैल राहून खाली साचतो. वरचा दोरा काढून पुन्हा ओवला की काम होते, अर्ध्या मिनिटाचे. पण एकदा खालचा स्क्रू हलला की दोन्ही ताण बिघडतात आणि मूळ दोष कोणता ते कळेनासे होते. तो स्क्रू पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचाच नसतो, आणि निसटून फरशीवर पडला तर सारे घर गुडघ्यांवर येते. गुंता शटलमध्ये अडकला तर चाक जोराने फिरवणे हा सर्वांत वाईट उपाय. बॉबीन केस आणि शटल बाहेर काढून, चाक किंचित मागेपुढे करीत दोरा सोडवावा लागतो.

हल्ली पायमशीनला लहान मोटर बसवतात. काम झपाट्याने होते, वडिलांच्या गुडघ्यांना आराम मिळाला, तक्रार नाही. पण एक गोष्ट गेली. पायडल मारताना यंत्र कुठे अडते ते पायाला कळत असे. मोटरला ते कळत नाही, आणि तिच्यावर पाय ठेवणाऱ्यालाही उशिरा कळते.

आता मुलांची बाजू. मेंदूचा कपाळामागचा भाग, जो मनाला आवर घालतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो, असे मानसशास्त्र सांगते. हे खरे असले तरी मला ते पुरेसे वाटत नाही. हाच मुलगा पतंगाच्या मांज्याचा गुंता तासभर बसून सोडवतो. तिथे त्याचा धीर कुठून येतो? माझ्या मते फरक वेळेच्या मालकीचा आहे. मांजा त्याचा असतो. घरातले यंत्र मात्र दिवसभर कामात असते आणि 'हात लावू नकोस' हे वाक्य लहानपणापासून कानावर असते. वडील जेवायला किंवा बाजारात गेले की जी वीस मिनिटे मिळतात, ती चोरलेली असतात. एक कान दाराकडे ठेवून शिकणाऱ्याला थांबणे परवडत नाही. वडिलांचीही चूक म्हणवत नाही, कारण शिकणाऱ्या पोराच्या हाती यंत्र दिले की तेवढा वेळ मजुरी बुडते.

गेल्या वर्षापासून माझी धाकटी बहीण शिकते आहे. रात्री जेवणे झाली की वडील मोटरचा पट्टा काढून ठेवतात आणि तिला अर्धा तास यंत्र देतात. दोरा ओवायचा नाही. वहीच्या रेघांच्या कागदावर, रेघ न सोडता, नुसती सुई चालवायची. कागदाने सुई बोथट होते, म्हणून तिला जुनी सुई दिली आहे. माझ्या प्रथम वर्षाच्या वह्यांची कोरी राहिलेली पाने त्यात संपली. सध्या ती वळणावर थांबायला शिकते आहे: सुई कागदात, पट्टी वर, कागद फिरवायचा, पट्टी खाली.