वंशसमूहांचा अभ्यास : पदवीपलीकडचे फलित

अमेरिकेत शिकावयास गेलेल्या मराठी मुलाने संगणकशास्त्र निवडले, तर घरी पेढे वाटले जातात. त्यानेच ‘एथ्निक स्टडीज’, म्हणजे वंशसमूहांचा अभ्यास, हा विषय पदवीसाठी घेतल्याचे कळविले, तर वडील पहिला प्रश्न विचारतील, ‘हे शिकून पोट कसे भरणार?’ प्रश्न गैर नाही. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला तर तो टाळताच येत नाही. शिक्षणात घातलेला पैसा आणि काळ ही गुंतवणूकच असते. परंतु तिचे फळ केवळ पहिल्या पगाराच्या आकड्यात मोजावयाचे काय, हा त्यापुढचा प्रश्न आहे.

हा विषय विद्यापीठांनी आपण होऊन दिलेला नाही. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात नोव्हेंबर १९६८ मध्ये कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई व मूळ अमेरिकन विद्यार्थ्यांनी संप पुकारला. तो मार्च १९६९ पर्यंत चालला. आमच्या पूर्वजांनी या देशात श्रम केले, मग अभ्यासक्रमात ते कोठे आहेत, असा त्यांचा सवाल होता. त्यातून तेथे स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली, आणि त्याच वर्षी बर्कले येथेही विभाग निघाला.

या अभ्यासाचा पहिला लाभ म्हणजे दस्तऐवज वाचण्याची शिस्त. एकच उदाहरण पाहू. त्या काळी आशियातून आलेल्यांना नागरिकत्व हवे, तर ‘गोरे’ असणे आवश्यक होते. १९२२ साली ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाने आपली कातडी गोरी असल्याचे सांगितले. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, कातडीच्या रंगाने गोरा नव्हे, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. तीनच महिन्यांनी, १९२३ साली, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंड उभे राहिले. उत्तर भारतीयांना शास्त्रज्ञ कॉकेशियनच मानतात, असा त्यांचा दावा होता. तेव्हा न्यायालयाने शास्त्र बाजूला सारले व सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा निवाडा दिला. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला वंश ही निसर्गाची नव्हे, कायद्याने आखलेली रेषा आहे हे वेगळे पढवावे लागत नाही. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क १९४६ च्या कायद्याने मिळाला, हेही तेथील आपल्या मुलांनी जाणणे अगत्याचे आहे.

दुसरा लाभ आकड्यांमागे पाहण्याचा. १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी शहरांचे नकाशे रंगविले गेले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा लाल रंगात, म्हणजे धोक्याच्या, ठरल्या. तेथे कर्ज मिळणे दुरापास्त झाले. मध्यमवर्गाची मुख्य पुंजी घर. ते नाही, तर पुढल्या पिढीला वारसा नाही. घरांच्या व्यवहारातील असा भेदभाव १९६८ मध्ये बेकायदा ठरला. परंतु तोवर चुकलेली संधी कायद्याने परत येत नाही. आजची विषमता केवळ आळस वा उद्यमशीलता या शब्दांनी स्पष्ट करणारा अर्थशास्त्रज्ञ या नकाशाकडे पाहून निश्चितच थबकेल.

तिसरा लाभ मोजण्यास कठीण, तरी मोजला गेला आहे. थॉमस डी व एमिली पेनर यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील शाळांची पाहणी केली. नववीत हा विषय घेतलेल्या, आधी कमी गुण असलेल्या मुलांची हजेरी त्यामुळे २१ टक्के-बिंदूंनी वाढल्याचे त्यांना आढळले. ही पाहणी शालेय मुलांची आहे. पदवीधरांस ती जशीच्या तशी लावणे शास्त्रशुद्ध होणार नाही. पण आपली माणसे पुस्तकात भेटली की वर्गात पाय वळतात, एवढे तिने निश्चितच सुचविले आहे.

आक्षेपही आहेत. यातून फुटीरपणा वाढतो, असे म्हणत ॲरिझोना राज्याने २०१० मध्ये शाळांतील अशा अभ्यासक्रमांवर कायद्याने निर्बंध घातले. त्यांचा तेथील अंमल २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. तरीही भीती सर्वस्वी निराधार नाही. अभ्यासाची जागा जयजयकाराने घेतली, तर ते शिक्षण उरत नाही. यावर उपाय विषय बंद करणे हा नसून तो कसोशीने शिकविणे हा आहे.

हे सारे आपल्याला परके वाटू नये. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये मुंबईतील तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतले ते तिकडील ‘ब्लॅक पँथर’वरूनच. दोन समाजांच्या दुःखांची तुलना आपल्याकडे विद्यापीठांच्या कितीतरी आधी सुरू झाली होती.

तेव्हा त्या वडिलांना उत्तर काय द्यावे? या पदवीचे विद्यार्थी अध्यापन, वकिली, समाजकार्य, स्थानिक प्रशासन अशा वाटांनी जातात. पगार अभियंत्याइतका बहुधा नसेल. हे लपविण्याचे कारण नाही. परंतु नकाशा कोणी रंगविला, हे विचारण्याची सवय त्यांना लागलेली असते. ज्या समाजात ही सवय कोणालाच नाही, तो समाज आपली किंमत पुढच्या पिढीच्या खात्यावर मांडीत असतो.