दंतांतरशोधन : दोरा वापरावा कसा, वापरू नये कसा

गिरगावात ठाकूरद्वारच्या नाक्याजवळील एखाद्या औषधालयात सायंकाळी तासभर बसले, तर दातांच्या तक्रारी घेऊन आलेले दोन-चार रुग्ण हमखास भेटतात. कोणाच्या हिरड्यांतून रक्त येते, कोणाच्या मुखास दुर्गंधी असते, कोणाच्या दाढेत प्रत्येक जेवणानंतर काही ना काही अडकून राहते. मागणी मात्र बहुधा एकच असते : "एखादे चांगले दंतमंजन द्या." दुकानदार मंजन देतो, वैद्य त्रिफळ्याच्या काढ्याचे गंडूष सांगतात. चार दिवस बरे वाटते आणि तीन महिन्यांनी तोच रुग्ण तीच तक्रार घेऊन परत येतो. येथे मंजनाचा दोष नसतो आणि काढ्याचाही नसतो. ज्या जागी रोग वाढतो आहे त्या जागेपर्यंत या दोहोंपैकी काहीच पोहोचलेले नसते. ती जागा म्हणजे दोन दातांमधील फट.

या फटीच्या स्वच्छतेसाठी आज जो बारीक दोरा मिळतो त्यास दंतवैद्यकात 'फ्लॉस' म्हणतात. आपल्या व्यवसायात त्याकडे परकी वस्तू म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आहे. वास्तविक त्यामागील विचार आपल्या संहितांत स्पष्टपणे आलेला आहे, आणि तो दोरा चुकीच्या रीतीने वापरल्यास काय होते तेही सांगितलेले आहे. या दोन्ही गोष्टी व्यवसायी मित्रांपुढे मांडाव्यात, हा या लेखाचा हेतू.

शास्त्रातील आधार

दंतधावनाचा विधी आपणा सर्वांना पाठ आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात दिवसातून दोन वेळा दंतपवन करण्यास सांगितले, आणि ते करताना दंतमांसास पीडा होऊ नये अशी अट घातली. वाग्भटाचार्यांनी दिनचर्येच्या अध्यायात बारा अंगुळे लांब, करंगळीच्या अग्राएवढी जाड, सरळ काडी सांगून तीच अट पुन्हा घातली. दोन्ही आचार्यांनी हिरडीची काळजी आवर्जून सांगावी, यात मोठा व्यावहारिक अनुभव आहे.

सुश्रुतसंहितेतील एका सूचनेकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. सूत्रस्थानाच्या ४६ व्या, अन्नपानविधी अध्यायात, भोजनोत्तर कर्मे सांगताना दातांच्या मधोमध अडकलेले अन्न शोधनाने हळुवारपणे काढावे, न काढल्यास मुखास दुर्गंधी येते, असे आचार्य सांगतात. म्हणजे दंतधावन हे एक कर्म आणि दंतांतरशोधन हे दुसरे कर्म. पहिले केल्याने दुसरे आपोआप घडत नाही. दोहोंची वेळ निराळी, साधन निराळे.

याच संहितेच्या निदानस्थानातील मुखरोगाच्या अध्यायात दंतमूलगत पंधरा व्याधी आले आहेत. त्यांपैकी 'वैदर्भ' हा व्याधी प्रस्तुत विषयासाठी महत्त्वाचा आहे. दंतमूल घासले गेल्याने तेथे मोठा शोथ उत्पन्न होतो आणि दात हलू लागतात. हा व्याधी अभिघातज आहे, असे त्याचे वर्णन आहे. दात स्वच्छ करू पाहणाऱ्या हातानेच हिरडीस इजा करावी आणि त्यातून व्याधी निर्माण व्हावा, ही शक्यता सुश्रुताचार्यांनी इतक्या स्पष्टपणे नोंदवून ठेवली आहे. दोरा हाती देताना प्रत्येक वैद्याने हे वर्णन आठवावे.

दोरा कोठून आला, आणि त्याचा उपयोग किती

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील दंतवैद्य लेव्ही स्पिअर पार्मली यांनी १८१९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मेण लावलेल्या रेशमी दोऱ्याने दातांच्या फटी स्वच्छ करण्याचा उपदेश केला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशीम दुर्मीळ झाले आणि नायलॉनचा दोरा रूढ झाला. आज मेणाचा, बिनमेणाचा, फितीसारखा चपटा असे प्रकार मिळतात.

त्याच्या उपयोगाविषयी अतिशयोक्ती करू नये. २०१६ साली अमेरिकेत दोऱ्याच्या लाभाचे पुरावे दुबळे असल्याचे वृत्त गाजले आणि अनेकांनी तो सोडून दिला. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला. केवळ ब्रश वापरण्यापेक्षा ब्रशसह दोरा वापरल्यास हिरड्यांचा शोथ कमी होण्याची शक्यता आहे, आणि दातांच्या फटीत फिरवायचे बारीक ब्रश दोऱ्याहून अधिक उपयुक्त ठरू शकतात, असा त्याचा निष्कर्ष होता. पुराव्याची प्रत उच्च नाही, हेही त्यात प्रांजळपणे सांगितले होते. लोक दोरा नीट वापरत नाहीत, हे या दुबळेपणाचे एक कारण मानले जाते. तेव्हा प्रश्न पुन्हा विधीवरच येतो.

दातांवर जमणारा मऊ, चिकट थर हा जंतूंचा असतो. तो पृष्ठभागास घट्ट धरून राहतो; चूळ भरल्याने किंवा काढा तोंडात धरल्याने सुटत नाही, त्यास घासूनच काढावे लागते. वेळीच काढला नाही तर लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांतच तो कठीण होऊ लागतो. हीच दंतशर्करा. एकदा ती झाली की दोरा काहीही करू शकत नाही. सुश्रुताचार्यांनीही तेथे शस्त्रकर्मच सांगितले आहे : दंतमूलास इजा न करता शर्करा काढावी आणि नंतर मधुयुक्त लाक्षाचूर्णाने प्रतिसारण करावे. दोरा शर्करा होऊ देत नाही. झालेली शर्करा काढत नाही. रुग्णास हा भेद समजावून द्यावा.

योग्य विधी

दिवसातून एकदा, शक्यतो रात्री झोपण्यापूर्वी, हे कर्म करावे. प्रथम हात स्वच्छ धुवावेत. सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक हात लांबीचा दोरा घ्यावा. त्याचा बहुतेक भाग एका हाताच्या मधल्या बोटास गुंडाळावा, थोडा दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटास. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत दोन-तीन सेंटिमीटर दोरा ताणून धरावा.

दोन दात जेथे एकमेकांस टेकतात तेथून दोरा खाली उतरवताना पुढे-मागे हळूहळू सरकवावा. तो फटीत उतरला की एका दाताभोवती कमानीसारखा वळवून त्या दातास चिकटवावा. मग हिरडीच्या कडेखाली, सहज जाईल तेवढाच, सरकवावा. अडल्यासारखे वाटताच थांबावे. दातास चिकटलेल्या स्थितीतच चार-पाच वेळा खाली-वर फिरवावा. नंतर त्याच फटीतील शेजारच्या दाताभोवती वळवून तीच क्रिया करावी. एका फटीत दोन दातांच्या दोन बाजू असतात, हे विसरू नये. पुढील फटीसाठी दोऱ्याचा नवा भाग घ्यावा. सर्वांत मागील दाढेची मागील बाजूही सोडू नये. शेवटी चूळ भरावी. दात त्यानंतर घासले, तर मंजन किंवा पेस्ट मोकळ्या झालेल्या फटीत पोहोचू शकते.

सर्व दातांस प्रारंभी दहा मिनिटे लागतात, सराव झाल्यावर तीन-चार मिनिटे पुरतात. पहिल्या आठवड्यात पुढचे दातच करावेत, दाढा नंतर. नवख्यास आरशासमोर उभे करावे.

नेहमी होणाऱ्या चुका

पहिली चूक झटक्याची. दोरा फटीत अडला की मनुष्य जोर लावतो. तो एकदम सुटतो आणि हिरडीत रुततो. रोज असे घडल्यास हिरडीस खाच पडते. वर सांगितलेल्या वैदर्भाची आठवण येथेच ठेवावी.

दुसरी चूक दोरा केवळ सरळ वर-खाली करण्याची. यात अडकलेला अन्नकण निघतो, पण दाताच्या वळणावरील चिकट थर तसाच राहतो. करवतीप्रमाणे हिरडीवर मागे-पुढे ओढणे तर सर्वथा वर्ज्य.

तिसरी चूक रक्त दिसताच थांबण्याची. ज्यांनी कधी दोरा वापरला नाही त्यांच्या हिरड्यांत शोथ आधीच असतो. पहिले काही दिवस किंचित रक्त येऊ शकते. हात हलका ठेवून नियमितपणा राखल्यास ते बहुधा आठवड्याभरात कमी होते. दोन आठवड्यांनंतरही येतच राहिले, किंवा पू, वेदना, दात हलणे यांपैकी काही असले, तर दंतवैद्याकडे पाठवावे.

चौथी चूक अडकल्यावरच दोरा घेण्याची. आंब्याचे केस, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, मटणाचा तंतू अडकला की आठवण होते. एरवी दोऱ्याची डबी कपाटात पडून राहते. जंतूंचा थर मात्र अन्न अडकण्याची वाट पाहत नाही. शिवाय एकाच फटीत वारंवार अन्न अडकत असेल तर तेथे कीड, तुटलेले सिमेंट किंवा उघडा पडलेला दंतमूल असण्याचा संभव आहे. ती फट दंतवैद्यास दाखवावी.

पाचवी चूक साधनाची. आपल्या वाड्यांतील घरांत फुलपुडीचा किंवा मिठाईच्या खोक्याचा दोरा जपून ठेवण्याची रीत आहे आणि दातांसाठीही तोच उपयोगात येतो. तो स्वच्छ नसतो, त्याचे तंतू फटीत तुटून राहतात. टाचणी, सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी, दुमडलेले तिकीट ही साधने त्याहून घातक. आगपेटीच्या काडीने हिरडीत झालेल्या जखमेत गूल भरणाऱ्या व्यक्ती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. मशेरी लावणाऱ्या रुग्णास तर आधी मशेरी सोडण्यास सांगावे. तमाखूमुळे हिरडीची हानी होत असताना बाहेर रक्त कमी दिसते आणि रोग लपून राहतो.

सहावी चूक एकच तुकडा धुऊन पुन्हा वापरण्याची, क्वचित घरात दोघांनी वापरण्याची. दोरा वापरून टाकून द्यावा. तो संडासात टाकू नये, कचऱ्यात टाकावा.

कोणास सावधपणे सांगावे

वाग्भटाचार्यांनी मुखपाक, ज्वर, छर्दी, अर्दित इत्यादी अवस्थांत दंतधावन वर्ज्य सांगितले आहे. तोच विवेक येथेही ठेवावा. मुखात व्रण असताना दोरा थांबवावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्या आणि हृदयाच्या झडपेचा विकार असलेल्या रुग्णांस प्रथम त्यांच्या डॉक्टरांचा व दंतवैद्याचा सल्ला घेण्यास सांगावे. ब्रिज बसवलेल्यांना किंवा दातांवर तारा असलेल्यांना साधा दोरा आत नेता येत नाही. त्यांस बारीक ब्रश सोयीचा. हिरडी खाली सरकून फटी मोठ्या झालेल्या वृद्धांनाही तोच योग्य. हाताला कंप असणाऱ्यांना दांडीवर ताणलेला दोरा द्यावा. लहान मुलांचे दोऱ्याचे काम पालकांनीच करावे.

प्रमेही रुग्णाकडे विशेष लक्ष द्यावे. त्याच्या हिरड्यांचा रोग लवकर बळावतो, आणि बळावलेला रोग रक्तातील साखर आटोक्यात ठेवू देत नाही. त्याची नाडी पाहताना एकदा ओठ वर करून हिरडीही पाहावी.

औषधालयांच्या मालकांस

दंतमंजन हा आपल्या मुंबईच्या उद्योगाचा जुना विषय आहे. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली परळमध्ये विको हा उद्योग सुरू केला आणि 'वज्रदंती' घराघरांत पोहोचली. मंजनाचा हा विश्वास मोठा आहे; म्हणूनच मंजनाने जे होत नाही ते ग्राहकास सांगण्याची जबाबदारीही आपली आहे. मंजनाच्या फळीशेजारी दोऱ्याची डबी व बारीक ब्रश ठेवावेत. ज्यांचे दात दाटीने आहेत त्यांस मेणाचा दोरा, ज्यांच्या फटी रुंद आहेत त्यांस चपटी फीत द्यावी. लवंग वा निंबाचा वास असलेल्या दोऱ्याने हिरड्यांचा रोग बरा होतो, असे सांगून तो विकू नये. दोरा औषध नाही; ते शोधन आहे. डबीबरोबर वरील विधीचा मराठी कागद दिल्यास ग्राहक ती डबी टाकून देणार नाही.

समारोप

नोव्हेंबर २०२० मध्ये निघालेल्या अधिसूचनेत शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५८ शस्त्रकर्मे नमूद झाली, त्यांत दात काढण्याचाही समावेश होता. त्यावर देशभर वाद झाला, ११ डिसेंबर रोजी आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांनी संपही केला. दात कोणी काढावा याविषयी दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. दात काढण्याची वेळ येऊ नये यासाठी रुग्णाच्या हाती काय द्यावे, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन. त्या दृष्टीने पाहता हातभर दोरा आणि तो हळुवारपणे फिरवण्याचा उपदेश हा आपल्या चिकित्सेचाच भाग आहे. प्रत्येक वैद्याने तो प्रथम स्वतःच्या मुखात महिनाभर करून पाहावा. आपल्या हाताला विधी आला म्हणजे रुग्णास तो दाखवणे अवघड जात नाही.